जे आत राहतं

उद्यमबागेत, जिथं पूर्वी पंपांची बिडाची कवचं ओतत,
त्या शेडमध्ये आता आमची भट्टी आहे.
शाळेच्या दप्तराएवढी, पांढरी, आवाज न करणारी.
बाबांना दाखवली, तर म्हणाले,
‘ही भट्टी? हिच्यावर चहा तरी उकळतो काय?’

मूस ॲल्युमिनाची. तिच्यात
निकेल, मँगनीज, कोबाल्टची तपकिरी भुकटी,
आणि लिथियम, हिशेबापेक्षा चिमूटभर जास्त,
कारण तापल्यावर ते थोडं उडून जातं.
मोजताना शिवलीला हुक्केरी कानडीत आकडे म्हणते,
मी मराठीत लिहून घेते.
आजवर एक मिलिग्रॅम चुकलेला नाही.
एकदा चुकला होता. तो तराजूचा दोष.

मिनिटाला दोन अंश.
‘सावकाश,’ मी म्हणते.
‘सावकाश,’ ती म्हणते.
हा शब्द कुणाचा, यावर आम्ही अजून भांडलेलो नाही.

आत घडतं ते दिसत नाही, वाचावं लागतं.
ऑक्सिजनचे मजले चढत जातात,
एका मजल्याआड जड धातू ठाण मांडून बसतात,
आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांत लिथियम.
चार्ज करताना ते निघतं, वापरताना परततं,
काकतीहून रोज शहरात कामाला येणाऱ्या बाईसारखं,
डबा घेऊन, फारसं न बोलता.

पण सगळंच बाहेर काढायचं नसतं.
निम्म्याहून थोडं अधिक, तेवढं पुरे.
त्यापुढं ओढलं की मजले एकमेकांना रेटू लागतात,
घसरतात, तडकतात, श्वास सोडावा तसा ऑक्सिजन सोडतात.
बाहेर गेलेलं लिथियम दिवा लावतं, खरं आहे.
इमारत उभी असते ती आत राहिलेल्यावर.

आणखी एक खोड आहे.
निकेलचा एक आयन आकारानं लिथियमएवढाच, जवळजवळ.
चुकून तो त्याच्या जागी जाऊन बसतो.
बसला की उठत नाही.
क्ष-किरणांच्या आलेखात दोन शिखरं मोजायची;
पहिलं दुसऱ्याच्या सव्वापटीच्या आसपास नसेल
तर समजायचं, घरांची अदलाबदल झालीय.
मी म्हटलं, ‘म्हणजे आपल्याकडं जसं…’
‘ब्याड,’ शिवलीला म्हणाली. ‘ऑक्साइड आहे ते.
ऑक्साइडच राहू दे की.’

रात्री तीनला हेस्कॉमची वीज गेली.
बारा तासांतला सातवा तास.
मोबाइलच्या उजेडात तिनं माझ्याकडं पाहिलं,
मी झरोक्याला डोळा लावला.
बाबा रंग बघून अंश सांगायचे, बोट न लावता.
आत पिकल्या तोंडल्याचा लाल.
‘सातशे ऐंशी,’ मी ठोकून दिलं.
मग तो लाल विझत विझत
करवंदाच्या डागासारखा झाला, आणि दिसेनासा.
वीज आली तोवर चाळीस मिनिटं गेली होती
आणि माझा अंदाज खरा की खोटा
हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

सकाळी काळी भुकटी डबीत, डबी खिशात,
स्कूटरवरून भूतरामनहट्टीला, विद्यापीठात.
दोन शिखरं. पहिलं बुटकं.
एक पूर्णांक एक.

तरी आम्ही तिचा सेल बांधला, शर्टाच्या बटणाएवढा.
पहिल्या फेरीत दहांतलं एक परतत नाही,
हे चांगल्या भुकटीतही होतं.
आमच्यात दोन परतले नाहीत.
बाकीचे आठ मात्र येत राहिले, जात राहिले,
आज एकशे बारावी फेरी.

नोंदवहीत मी लिहिलंय:
नमुना एकेचाळीस. भट्टी मधेच थंड. फेकू नये.
त्याखाली शिवलीलानं कानडीत काहीतरी खरडलंय.
लिपी मला येते, तिचं अक्षर येत नाही.
एवढा एकच शब्द लागला:
सावकाश.